मिनिटाला तीस शब्द

“मॅडम, हे एन के एन के काय आहे?” बबलूनं लॅपटॉपचा पडदा तिच्याकडं फिरवून विचारलं आणि रेणुकानं नीट न बघताच सांगून टाकलं, “कचराच असेल. काढून टाका.” सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. गांधी चमनजवळच्या त्या चिंचोळ्या दुकानात तिच्या मागं दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यातल्या एकानं आपला प्रिंटर तान्ह्या लेकरासारखा छातीशी धरला होता, आणि शाळा होती पावणेअकराची. बबलू हा चाळिशी उलटलेला, पद्धतशीर माणूस. त्यानं कोऱ्या कागदावर तिच्या लॅपटॉपमधल्या फोल्डरांची यादी उतरवली होती आणि एकेक नाव मोठ्यानं वाचून तो तिला विचारत होता. शाळा? ठेवा. शाळा जुनं? ठेवा. लग्न? ठेवा. कल्याण बायोडाटा? तेही ठेवा, म्हणजे नवरा पुन्हा नोकरी बदलणारच नाही असं काही कुणाला छातीठोक सांगता येत नाही. असं करत करत तो यादीच्या तळाशी आला तेव्हा तिथं ते फोल्डर होतं, आत नऊ फायली, सगळ्यांचं नाव एकच, एन के एन के, पुढं एक, दोन, तीन असे आकडे. व्हायरस असलीच नावं पाडतो, असं बबलू म्हणाला. प्रिंटरवाल्यानं मान लांब करून पडद्यावर नजर टाकली, आणि पाहुणा दारात उभा असताना कोपऱ्यातला न काढलेला केर दिसावा तशी रेणुका ओशाळली. तेवढ्यापायी ती कचरा म्हणाली. बबलूनं त्या नावावर आडवी रेघ मारली, दुपारी तीनला या म्हणाला, आणि ती रिक्षा पकडायला बाहेर पडली.

लॅपटॉप तेरा वर्षांचा होता. त्यात अजून विंडोज सेव्हन होतं, आणि ते बदला, बदला, असं दोन वर्षं सगळेच सांगत होते. कल्याण तर त्याला आजोबा म्हणायचा. चालू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तोवर आजोबा डोळे किलकिले करतात. रेणुका शाळेत क्लार्क. मुलांची माहिती ऑनलाइन भरायची साइट परवापासून त्या लॅपटॉपवर उघडेचना, तुमचा ब्राउझर जुना आहे असं सांगून दार लावून घेई, तेव्हा मात्र इलाज राहिला नाही. बबलूनं लॅपटॉप उलटा करून, कानाशी नेऊन, मधली हार्डडिस्क फिरतानाचा आवाज डॉक्टरसारखा ऐकला आणि सांगितलं की नवीन डिस्क टाकू, मेमरी वाढवू, नवीन विंडोज टाकू, आणि तुमचा डेटा केसालाही धक्का न लागता इकडचा तिकडं करू. डेटा हा शब्द तिला तसा परकाच. डेटा म्हणजे शाळेतल्या सहाशे मुलांची जन्मतारीख, आईचं नाव, आधारचा नंबर. आपलाही काही डेटा असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आपल्याकडं फार तर फोटो असतात. ते तिनं मोबाईलमध्येही घेऊन ठेवले होते, शिवाय एका पेनड्राइव्हवर, शिवाय कल्याणच्या बहिणीकडं. इतकी काळजी घेणारी बाई आपण, असं स्वतःबद्दल थोडं बरं वाटत असतानाच ती शाळेत पोचली, मस्टरवर सही केली, आणि नेहमीच्या टेबलाशी बसली.

तिच्या बोटांना एक खोड होती. कुणी काही बोललं की तिची बोटं तो शब्द जिथं असतील तिथं टाइप करायची. टेबलावर, पर्सवर, गॅसच्या ओट्यावर. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात कल्याणनं घाबरून विचारलं होतं की तू झोपेत माझ्या पाठीवर काय वाजवतेस. तिनं खरं ते सांगितल्यावर तो इतका हसला होता, की पुढं कितीतरी दिवस उठल्या उठल्या, आज काय छापलं, म्हणून विचारायचा. आता दोघांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. तर साडेअकराच्या सुमाराला शाळेच्या फाटकाशी एक टेम्पो आडवा लागला आणि शिपाई नंदाबाई व्हरांड्यातून ओरडल्या, “ओ दादा, गाडी बाजूला घ्या की जरा.” रेणुका दाखल्याच्या रजिस्टरात नाव लिहीत होती. डावा हात लिहिता, तिचा उजवा मोकळा होता, रजिस्टरच्या कडेवर पालथा. तर्जनी खाली गेली. मग मधलं बोट. पुन्हा तर्जनी, पुन्हा मधलं. दादा. बोटं थांबली आणि ती त्यांच्याकडं बघत राहिली. का बघतेय हे तिला अजून कळलेलं नव्हतं. तिनं बोटं पुन्हा हलवली, या खेपेस मुद्दाम, आणि त्या बोटांखाली कीबोर्डावर इंग्रजीतली कुठली अक्षरं असतात ते आठवलं. एन. के. एन. के.

टायपिंगच्या जुन्या फॉन्टचं हे असंच होतं. कृतिदेव लावला की कीबोर्डवरच्या इंग्रजी अक्षरांना मराठीचं सोंग चढायचं. एन दाबलं की पडद्यावर द, के दाबलं की काना. पण फाईल सेव्ह करताना नावाची जी चौकट येते, तिथं हे सोंग चालत नाही, तिथं उघडं इंग्रजीच दिसतं. रामकिसन सरांच्या टायपिंग क्लासातल्या बाकीच्या मुली तेवढ्यापुरतं इंग्रजीत नाव द्यायच्या. रेणुकाला त्या वेळी इंग्रजी स्पेलिंगची भीती वाटायची. बोटांना दादा टाइप करायला सांगितलं, त्यांनी केलं, चौकटीत काय उमटलं ते तिनं कधी वाचलंच नाही. कशाला वाचेल? आपल्या माणसाचं नाव आपल्याला वाचावं लागत नाही. आणि आता, शाळेत सगळं युनिकोड होऊन, मोबाईलवर तर नुसतं बोलून मराठी उमटायला लागून आठ-नऊ वर्षं झाल्यावर, तिनं ते पहिल्यांदा इंग्रजीत ऐकलं आणि त्याला कचरा म्हणाली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. “आपणच,” ती हळूच म्हणाली, आणि हातानं तेही लगेच टेबलावर टाइप केलं.

बबलूला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिला. माणूस पद्धतशीर असला की तो काम करताना फोन घेत नाही, हे तिला एरवी किती आवडलं असतं. मुख्याध्यापक बाईंकडं जाऊन तिनं अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारलं तर काय सांगावं कळेना, म्हणून वडिलांचं काम आहे म्हणाली. बाईंना तिचे वडील नऊ वर्षांपूर्वी वारल्याचं माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, जा, जा, वडिलांचं आधी.

रिक्षात बसल्यावर वडिलांचं, म्हणजे दादाचं, तोंड तिच्या डोळ्यासमोर यायला तयार नव्हतं, नुसते पाय येत होते. उंबऱ्यावर पसरलेला एक पाय, गुडघ्याला एरंडाचं पान बांधलेलं. बिरू धनगर जन्मभर मेंढरांमागं चालला आणि साठीला आल्यावर गुडघ्यानं सांगितलं, की आता बास. त्या वर्षी भादव्यानंतर मेंढरं घेऊन रेणुकाचा धाकटा भाऊ पप्पू गेला आणि दादा पहिल्यांदाच पिंपळगावात, रेणुकाईच्या देवळामागच्या घरात, मागं राहिला. मेंढरांशी भरपूर बोललेला माणूस, पण घरात कुणाशी काय बोलायचं ते त्याला सुचत नव्हतं. रेणुका तेव्हा चोवीस वर्षांची. तिला स्थळ बघण्याबद्दल भावकी त्याला टोचून खात होती आणि तो, पोरगी परीक्षेला बसून राह्यली, एवढंच सांगून गप्प बसायचा. परीक्षा म्हणजे क्लार्कची, तिला मराठी टायपिंग लागायचं मिनिटाला तीस शब्द. रेणुका बावीसवर अडली होती. भोकरदनच्या रामकिसन सरांनी क्लासातला एक लॅपटॉप तिला सरावाला दिला, तोच पुढं तिचा झाला. पण सरावाच्या पुस्तकात उतारे होते सगळे मिळून चार. वृक्ष लागवडीचे फायदे, आदर्श ग्रामपंचायत, असले. ते बोटांना पाठ झाले, त्यामुळं उतारा धावायचा आणि वेग वाढायचा नाही. सर म्हणाले, घरी कुणाला तरी नवं काही वाचून दाखवायला सांग. घरी वाचता येणारी तीच एकटी होती. हे ती आईला सांगत होती तेव्हा उंबऱ्यावरून दादा म्हणाला, “मला वाचता न्हाई येत. पर बोलता येतंय की.”

दिवेलागणीच्या आधी, लॅपटॉपची बॅटरी असेल तोवर, रोज एक तास. आधी तो भलताच जल्दी बोलला. ती म्हणाली, दादा, हळू. तो रागावला, मग हळू बोलला, मग इतका हळू की तिला जांभई आली. चार-पाच दिवसांत त्याला युक्ती सापडली. तो तिच्या तोंडाकडं न बघता हातांकडं बघू लागला. बोटं थांबली की पुढचे चार शब्द. पुन्हा थांबली की पुढचे चार. हळूहळू त्यानं चाराचे पाच केले, पाचाचे सहा, आणि तिच्या लक्षातही न येता तिला दामटत नेलं. कोकरांना पहिल्या मजलीला असंच नेतात, रोज थोडं जास्त. सहाव्या आठवड्यात सरांनी घड्याळ लावलं तर तिचा वेग एकतीस भरला. दादाच्या मात्र बोलण्याची कायमची वाट लागली. पाहुण्यांशी बोलतानाही तो चार-सहा शब्द बोलून थांबायचा, समोरच्याच्या हातांकडं बघायचा, मग पुढं बोलायचा. बिरूच्या अंगावरून वारं गेलं का काय, असं लोक विचारायचे. मरेपर्यंत तो तसाच बोलला.

काय बोलला? इथं रिक्षा शिवाजी पुतळ्यापाशी गर्दीत अडकली आणि रेणुकाला घाम फुटला. कारण तिला आठवेना. वाट सांगायचा, एवढं माहीत होतं. पिंपळगावहून निघून गोदाकाठापर्यंतची वाट, मुक्काम, कुणाच्या रानात मेंढरं बसवायची, कुठं पाणी. पण एक वाक्य म्हणून आठवेल तर शपथ. त्याला कारणही रामकिसन सरच. ते म्हणायचे, अर्थाच्या नादी लागलीस की गेलीस. अक्षर कानानं घ्यायचं, बोटानं सोडायचं, मधी थांबू द्यायचं न्हाई. ती गुणी विद्यार्थिनी होती. दोन महिने रोज एक तास बाप समोर बसून बोलला आणि तिनं त्यातलं काहीच मधी थांबू दिलं नाही. पास झाली, जालन्याला नोकरी लागली, कल्याणशी लग्न झालं, तीन वर्षांनी दादा गेला. त्या फायली तिनं पुन्हा उघडल्या नाहीत, तो सरावाचा माल होता. गेल्या दिवाळीत पप्पूनं विचारलं होतं, की परतूरच्या अलीकडं नाल्यात एक विहीर दादा सांगायचा, पाणी गोड, पायऱ्या उत्तरेकडून, ती नेमकी कुठं गं? आपल्याला तर सापडून न्हाई राह्यली. आणि ती ऐटीत म्हणाली होती, की माझ्याकडं सगळं लिहून आहे, बघून सांगते. बघितलं नाही. मग तिच्या मनात दुसरं आलं आणि ते पहिल्यापेक्षा वाईट होतं. दादाचा आवाज कुठंही नव्हता. पप्पूच्या त्या वेळच्या फोनमध्ये गाणी मावायची नाहीत, तिथं आवाज कोण साठवणार? फोटो एकच, आधारवरचा, ज्यात तो पोलिसानं पकडून आणल्यासारखा दिसतो. दादा बोलतोय असं जगात एकाच ठिकाणी होतं आणि त्या ठिकाणावर तिनं सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी रेघ मारायला लावली होती. रिक्षावाल्याला ती म्हणाली, मी इथंच उतरते. आणि उरलेलं अंतर ती चालत, म्हणजे जवळजवळ पळतच गेली, दोन ओळखीच्या बायांना न ओळखता.

दुकानात बबलू एकटाच होता आणि तिचा लॅपटॉप त्याच्या समोर उघडा होता. पडद्यावर नवंकोरं विंडोज, निळंशार, कुणीच राहत नसलेल्या घरासारखं स्वच्छ. लवकर आलात, तो म्हणाला, पण झालंय. ती म्हणाली, ते सकाळचं फोल्डर. कुठलं? ते कचरा म्हटलेलं. ते तुम्हीच काढून टाका म्हणालात, असं म्हणून त्यानं कागद काढून तिला रेघ दाखवली. रेणुका काउंटरला धरून उभी राहिली. ती म्हणाली की ते माझे वडील आहेत. असं कसं वाक्य आपण बोललो, हे तिला ऐकूनच विचित्र वाटलं. पण बबलूनं तिच्याकडं विचित्र बघितलं नाही. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, खालचा ड्रॉवर ओढला आणि आतून तिची जुनी हार्डडिस्क काढली. तिला रबरबँडनं एक चिठ्ठी लावलेली होती, रेणुका मॅडम, आणि तारीख.

“काढून टाका म्हणलं तरी मी काढत न्हाई, मॅडम. फक्त पुढं नेत न्हाई,” तो म्हणाला. “पंधरा दिवस ठेवतो. लोकं परत येतातच.”

रेणुका स्टुलावर बसली. रडायला आलं ते तिनं आवरलं नाही, फक्त आवाज होऊ दिला नाही. बबलूनं डिस्क एका डबीत बसवून वायर जोडली आणि जरा वेळानं त्याचा चेहरा बदलला. डिस्क टिकटिक करू लागली होती. सकाळी सगळं निघालं, आता ही थकून राह्यली, तेरा वर्षं झाली हो, असं म्हणत त्यानं तळहात तिच्यावर हलकाच ठेवला, ताप बघावा तसा. पहिली फाईल आली. दुसरी आली. तिसरीला हिरवी पट्टी अर्ध्यावर थांबली ती थांबलीच. त्यानं ती सोडून पुढची घेतली. चौथी, पाचवी आल्या. सहावी नाही. रेणुका पट्टीकडं बघत होती आणि तिची बोटं मांडीवर आकडे मोजत होती. एरवी गंमत वाटली असती, की आपण पट्टीला मनात म्हणतोय, दादा, चल, दोन पावलं चल. सातवी आली, आठवी आली नाही, नववी आली. मग डिस्क एकदा मोठ्यानं टिकटिकली आणि गप्प झाली. बबलूनं तीनदा पुन्हा जोडून पाहिली. तो म्हणाला, छत्रपती संभाजीनगरला एक जण अशा मेलेल्या डिस्क उघडतो, पण वचन देत नाही. तिनं विचारलं, की म्हणजे सहा आल्या? सहा आल्या. सहा तर सहा, ती म्हणाली. तीन गेल्या त्या माझ्यामुळं गेल्या, सकाळीच ठेवा म्हटलं असतं तर नऊच्या नऊ आल्या असत्या, हे तिनं स्वतःला स्पष्ट सांगितलं, कारण ते तसंच होतं आणि दुसरं कुणी सांगणार नव्हतं.

त्यानं नववी फाईल उघडून दाखवली. पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी, मध्येच अर्धविराम, मध्येच कंस, एका शब्दाला अर्थ नाही. बबलूनं कपाळाला हात लावला. अरे, हे तर कृतिदेव, आधी सांगायचं ना मॅडम, फॉन्ट टाकला की एका मिनिटात मराठी दिसेल. तो फॉन्ट उतरवायला गेला तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप इन्व्हर्टरवर होता, पण इंटरनेटचा डबा नव्हता. मागच्या गल्लीत पत्रिका छापणारा आहे, त्याच्याकडं हमखास असतो, पेनड्राइव्हवर घेऊन येतो, तुम्ही बसा, असं म्हणून बबलू शटर अर्धं ओढून गेला.

दुकान अर्धवट अंधारं झालं. पंखा थांबल्यावर बाहेरचे हॉर्न जवळ आले. रेणुकानं स्टूल पुढं ओढलं आणि काही ठरवलं नसताना दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले, दाबायचं नाही अशा बेतानं. पहिलं अक्षर व्ही. मग के. मग ई, मग एच. डावी तर्जनी, उजवं मधलं बोट, डावं मधलं, उजवी तर्जनी. आमी. तिनं हात उचलले. पुन्हा ठेवले. आमी. आम्ही नव्हे, आमी. ती सुरुवातीला त्याचं शुद्ध करून लिहायची, पाणी, आम्ही, होतं; पण मिनिटाला तीस शब्दांत शुद्ध करायला वेळ पुरत नाही, म्हणून मग तो म्हणेल तसं बोटं सोडत गेली. पानी. व्हतं. सरांनी त्याच्या चुका मोजल्या असत्या. रेणुका एकेक अक्षर बघत होती, त्याच्यावर बोट नेत होती, आणि बोट तिला अक्षर सांगत होतं. आमी परतूरच्या रुळापाशी व्हतो. तीनशे मेंढरं आन् गाडीचा आवाज आला. पुढचा एडका रुळ वलांडून गेल्ता, मंग बाकीचे थांबतेत व्हय. मी मधी आडवा झालो. अर्धी तिकडं, अर्धी इकडं, मधून गाडी. हळू? बरं. तिथं ती थांबली. हळू, असं तिनं म्हटलं असणार. तिचं बोलणं कुठंच नव्हतं, नुसती त्याची उत्तरं होती. गाडी गेल्यावर कुनाचंच काय झालं न्हवतं. मी खाली बसून मोजली. मोजताना रडलो. तुझ्या आईला सांगितलं न्हाई.

हे त्यानं मला सांगितलं होतं. रेणुकाच्या मनात हे वाक्य आलं आणि तिथंच बसलं. उंबऱ्यावर बसून, एरंडाचं पान बांधून, आईला न सांगितलेलं त्यानं मला सांगितलं, आणि मी तीस शब्दांच्या मागं होते. तिचे डोळे भरले त्यानं अक्षरं पुसट झाली, पण बोटांना डोळ्यांची फारशी गरज लागत नव्हती. ती आता जोरात वाचू शकली असती. तरी तिनं वेग वाढवला नाही. चार शब्द, थांबायचं. पाच शब्द, थांबायचं. तो थांबायचा तिथंच तिची बोटं आपोआप थांबत होती, म्हणजे त्याच्या बोलण्याचा वेगसुद्धा त्यांनी ठेवून घेतला होता. विहीर आली, नाल्याच्या वरच्या अंगाला, दोन बाभळींच्या मधी, पायऱ्या उत्तरेकडून. ती तिनं पप्पूसाठी मनात ठेवली आणि पुढं गेली. पानाच्या खालच्या टोकाला एक ओळ सुटी होती.

ऐकून राह्यली का गं. न्हाई ऐकत. मला कळतं. मेंढरामागं फिरनाऱ्याला कळतं, कोन ऐकतंय आन् कोन नुसते कान हालवतंय. लिव्ह, लिव्ह, थांबू नको. तू पास हो. मी बोलतो.

रेणुकाचे दोन्ही हात कीबोर्डवर होते. त्याला माहीत होतं. दोन महिने, रोज, कुणी ऐकत नाही हे माहीत असून तो बोलला, आणि हातांकडं बघत राहिला. पानाखाली अजून पान होतं. तिनं ते वर सरकवलं, पहिल्या अक्षरावर बोट नेलं, तेवढ्यात शटर वर झालं आणि बबलू धापा टाकत आत आला, पेनड्राइव्ह उंच धरून. मिळाला मॅडम, तो म्हणाला, सरका जरा, मिनिटात मराठी करून देतो.

जालन्यात बारा वर्षं राहून रेणुकाची भाषा पार बदलली होती. शाळेत कुणाला वाटलंही नसतं की ही कुठली. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “थांबा थोडं. दादा बोलून राह्यला.”